चकतीबद्दल विचारलंत म्हणून

मु. भोरखेडी, उंद्रीजवळ
संक्रांतीला आठ दिवस बाकी

राजेश्री पंजाबराव इवाई, म्हणजे आमचे व्याही, राहणार दुसरबीड, यांना नारायणरावाचा दोन्ही हात जोडून आणि मान जरा जास्तच वाकवून रामराम. आपल्या घरी लहानथोर सगळे बरे असोत. विहीणबाईंचा गुडघा थंडीत धरतो असं मागे कळलं होतं. त्यांनी निरगुडीचा पाला वाफवून बांधावा आणि बांधल्यावर घरात फिरू नये, नाहीतर पाला फिरतो आणि गुडघा जागीच राहतो. इकडे सगळी माणसं खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (जनावरं खरोखरच खुशाल आहेत.)

आपलं पत्र पोचलं. नऊ ओळींचं आहे. पहिल्या आठ ओळींत आपण लिहिलं की रुख्मिणी दिवाळीला माहेरी आली ती संक्रांतीलाही सासरी येणार नाही. ज्या घरात सुनेला हळदकुंकवाच्या ताटाला हात लावायची बंदी आहे तिथे जा असं बाप म्हणून आपल्याला तिला सांगवत नाही. आणि आम्ही कोणी न्यायला येऊ नये. नवव्या ओळीत, पत्र फार कडू झालं असं वाटून असेल, आपण विचारलंत, बाकी त्या बंदुकीच्या चकतीचं काय झालं, बसली का? इवाई, पहिल्या आठ ओळींना काय उत्तर द्यावं ते मला आठ दिवस सुचलेलं नाही. नववीचं उत्तर मला येतं. म्हणून आधी तेच लिहितो. जरा लांबेल.

बंदूक आपण लग्नात पाहिलीच आहे. हवेची, छर्र्याची. मधोमध मोडायची, छर्रा घालायचा, परत सरळ करायची. जंगलखात्यातला एक साहेब बदली होऊन जाताना माझ्या बापाला देऊन गेला. ठाण्यातल्या जमादाराने एकदा ती उलटसुलट करून पाहिली आणि हे लेकरांचं खेळणं हाय म्हणून परत दिली, तेव्हापासून ती आमच्या घरात कोणाला न भिता राहते. पण आमच्या गावात तिचं एक काम आहे. दसऱ्याला सीमा ओलांडली की आपट्याच्या झाडासमोर बांबूला गुलालाने भरलेलं मातीचं बोळकं टांगतात. ते फोडायचा पहिला मान आमच्या घराचा. तीन छर्रे मिळतात. बोळकं फुटून गुलाल उडाला की गाव सोनं लुटायला मोकळं. तिन्ही हुकले तर मान शेषरावाच्या घराकडे जातो, आणि एकदा गेलेला मान पिढ्या उलटल्याशिवाय माघारी येत नाही. (आमच्याकडे तो असाच आला होता, शेषरावाच्या आजाचे तिन्ही नेम हुकले तेव्हा. तेव्हा आम्हाला ही रीत फार चांगली वाटली होती.)

मागची दोन वर्षं मी बोळकं तिसऱ्या छर्र्याला फोडलं. लोक म्हणाले, नारायणराव मुद्दाम खेळवतात. मी खेळवत नव्हतो. या बंदुकीला मागे एक खाच आणि पुढे नळीच्या टोकाला एक माशी असते. खाच, माशी आणि बोळकं तिन्ही एका रेषेत आणायची. तरुणपणी ती आपण होऊन येत. आता खाच दिसली की माशी विरघळते, माशी दिसली की बोळकं उठून जातं, म्हणजे भांडलेले तीन भाऊ एका पंगतीला बसवावे तसं झालं होतं. हे मी उंद्रीच्या बाजारात वाहेद मिस्त्रीला सांगितलं. शिवणयंत्रं, सायकली, ग्रामोफोनचे वाजणारे तावे, सगळं त्याच्या हाताखालून जातं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, बंदूक म्हातारी नाही झाली, डोया म्हातारा झाला.” मग त्याने एका जुन्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. मागची खाच काढून टाकायची आणि डोळ्याजवळ एक गोल चकती बसवायची. चकतीला मधोमध ज्वारीच्या दाण्यातून सुई गेल्यावर राहील एवढं भोक. भोकातून पाहिलं की माशी आणि निशाण दोन्ही स्वच्छ दिसतात, म्हाताऱ्यालाही. मला खरं वाटेना, तेव्हा त्याने पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून माझ्या डोळ्याला लावलं. समोर मिरच्यांचं दुकान होतं. इवाई, मला मिरच्यांचे देठ दिसले. मी तिथल्या तिथे चकती मागवायला सांगितली.

पार्सल भाद्रपदात आलं. आत तेलकट कागदात चकती, दोन स्क्रू, आणि इंग्रजी कागद. इंग्रजी आम्हा दोघांना येत नाही (मी बाराखडी शिकलो तीच मुळी गुळाच्या भेलीवरचे कागद वाचून), पण कागदावर चित्र होतं: एक साहेब पोटावर पालथा पडून नेम धरतो आहे. आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं की ही चकती पालथं पडल्याशिवाय चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे मी एवढा वेळ जमिनीवर का होतो ते त्यावरून कळेल.

बसवायची म्हणजे बंदुकीच्या मागच्या नळकांड्याला दोन भोकं पाडून त्यात आटे पाडायचे. पहिलं भोक नीट पडलं. दुसऱ्या वेळी वाहेदचा बरमा जोरात होता, तो थेट आत गेला, जिथे हवा कोंडलेली असते तिथे. त्यानंतर घोडा दाबला की बंदूक ‘फुस्स’ करी आणि छर्रा नळीतून बाहेर येऊन माझ्या पायाशी पडे. वाहेद दोन दिवस जेवला नाही असं त्याची बायको अमीना सांगत होती. तिसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या पंपातलं कातडी वायसर कापून स्क्रूखाली घातलं आणि हवा थांबली. मग स्क्रू लांब झाला, दट्ट्या त्याला अडू लागला. तो कानशीने घासला. मग चकती बसली. आता चकती खाचेपेक्षा बोटभर उंच, त्यामुळे छर्रे सगळे वर जाऊ लागले. पहिला गोठ्याच्या भिंतीवरून गेला आणि लांब कुठेतरी ‘टण्’ असं वाजलं. तो शेषरावाच्या हातातल्या तांब्याला लागला होता. शेषराव सकाळी नाल्याकडे निघाले होते. त्यांनी तो आवाज मारुतीच्या घंटेचा समजून तिथेच थांबून देवळाकडे हात जोडले आणि नारळ बोलले, हे मला आठ दिवसांनी कळलं. नारळ त्यांनी फोडला. प्रसाद आमच्याकडेही आला. मी तो खाल्ला, आणि गप्प बसलो. (गप्प बसायची सवय अशी लहान लहान गोष्टींतून लागते.) शेवटी वाहेदने माशीच्या जागी तावे वाजवायची पोलादी सुई कथलाचा डाग देऊन उभी केली, आणि छर्रे खाली आले.

आता रुख्मिणीबद्दल लिहावं लागतं. लिहिणार नव्हतो, पण ती या कामात होतीच. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोर बोलत नाही, आपल्याकडेही तसंच असेल. लग्नाला दोन वर्षं झाली, माझ्याशी ती एक शब्द सरळ बोललेली नाही. पण मी खळ्यात पालथा पडून भिंतीवर नेम धरत होतो तेव्हा छर्रा कुठे लागला ते भिंतीजवळ जाऊन सांगणारं कोणीतरी हवं होतं. आपला जावई वामन शेतात. आमची मंडळी सुभद्राबाई म्हणाली, या वयात लोळण घेणाऱ्याजवळ मी उभी राहणार नाही. तेव्हा रुख्मिणी पदर पुढे ओढून भिंतीजवळच्या कालवडीपाशी उभी राहू लागली. प्रत्येक छर्ऱ्यानंतर ती भिंत बघे आणि कालवडीला सांगे, “चांदणे, इतभर वर गेला वं.” मी कालवडीकडे पाहून म्हणे, मग चकती दोन फेरे खाली घेतो. पुढचा छर्रा गेला की, “चांदणे, आता डाव्या अंगाले गेला. पण जवय आला हां.” असं आमचं पंधरा दिवस चाललं. भिंतीवर चुन्याचा ठिपका तीच लावी, छर्ऱ्याने उडाला की पुन्हा लावी. एकदा बंदुकीने मागे धक्का दिला आणि चकती माझ्या भुवईवर बसली. डोळ्याभोवती असा गोल वण उठला की तालुक्याच्या कचेरीने शिक्का मारला असावा. रुख्मिणीने वाटीत हळद-तेल कालवून ती वाटी चांदणीच्या पुढ्यात ठेवली आणि चांदणीला दम दिला की हे भुवईले लावा म्हणा, चोळू नका म्हणा. अगदी पहिल्या दिवशी तर मी पालथा पडलेला पाहून तिला वाटलं मामाजीला फिट आली, ती कांदा फोडून धावत आली होती. तो कांदा तिने मला नाकाला लावायचा का चांदणीला, यात तिचा क्षणभर गोंधळ झाला. मला हसू आवरेना. इवाई, बारा वर्षांची माझी लेक देवीच्या साथीत गेली त्यानंतर या खळ्यात माझ्याशी कोणी असं खेळलं नव्हतं. दसऱ्याच्या चार दिवस आधी भर दुपारी मी पाच छर्रे मारले आणि पाचही पुरीएवढ्या जागेत बसले. ती कालवडीच्या गळ्याला हात घालून म्हणाली, “चांदणे, औंदा मान आपलाच.”

दसऱ्याच्या सकाळी शस्त्रं पुजली. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, आणि पाटावर मधोमध बंदूक. सुभद्राबाईने त्या दिवशी पूजेचं ताट पहिल्यांदाच सुनेच्या हातात दिलं होतं. रुख्मिणीने सगळ्यांना पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू लावलं. बंदुकीपाशी तिचा हात थांबला. विळ्याचं कपाळ कुठलं ते ठाऊक असतं, कुऱ्हाडीचं ठाऊक असतं, बंदुकीचं कपाळ कुठलं? सगळ्यात वर एक गोल, चकचकीत, नवी चकती होती. तिने ओलं कुंकू बोटावर घेऊन तिच्या बरोबर मधोमध लावलं, आणि वर एक अक्षत चिकटवली. मी पाहत होतो. मला ते फार गोड दिसलं. त्या चकतीला मधोमध काय आहे हे मलाही त्या वेळी आठवलं नाही.

संध्याकाळी गाव सीमेवर जमलं. सूर्य टेकला होता. बोळकं टांगलं, वाजंत्री थांबली. मी पालथा पडलो तेव्हा आधी गावाची पाच मिनिटं हसण्यात गेली. डोळा लावला. काहीच दिसेना. सगळा काळोख. उठून काय सांगणार? बोळकं साधारण जिकडे होतं तिकडे मी पहिला छर्रा मारला. तो आपट्यात गेला, दोन पानं गळली, कोणीतरी ती सोनं म्हणून उचलली. दुसरा हलगीच्या कातड्यातून आरपार गेला. (हलगीवाला कडूबा आता म्हणतो की तिचा आवाज सुधारला.) तिसरा कुठे गेला ते अजून कोणाला सापडलेलं नाही. मग शेषरावाच्या पुतण्याने गोफणीच्या एका दगडात बोळकं फोडलं आणि गुलाल उडाला. लोक तिकडे धावले. वामनने मला हात देऊन उठवलं, बंदूक घेतली, डोळ्याला लावली आणि म्हणाला, “बाबा, भोक तं बुजलं हाय.” त्याने काडी घालून कुंकवाचा खडा पाडला, वाळलेला, अक्षतीसकट. सगळ्यांनी पाहिला. शेषराव जवळ येऊन, हसू दाबून, असं कोणाच्याही घरी होऊ शकतं म्हणाले, आणि ते त्यांच्या घरी कधीच होणार नाही हे सगळ्यांना कळेल अशा आवाजात म्हणाले.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. दारात रुख्मिणी ओवाळायला ताट घेऊन उभी होती. सुभद्राबाईने तिच्या हातातून ताट काढून घेतलं. “तुया हातानं घराचा मान गेला. आता या ताटाले हात नको लावू.” एवढंच म्हणाली, मोठ्याने नव्हे. आपल्याला ठाऊक आहे, सुभद्राबाईचा शब्द तोंडातून निघाला की तिच्याही हातात राहत नाही. मला तिनेच ओवाळलं. मी ओवाळून घेतलं.

तर इवाई, आपल्या नवव्या ओळीचं उत्तर असं की चकती बसली, चांगली बसली, आणि वाहेदची काही चूक नाही. आपण मागवणार असाल तर स्क्रू आधी घासून घ्यावेत. वामन मागच्या बाजारच्या दिवशी सरकी आणायला म्हणून चिखलीला गेला, मोटारस्टँडवर दुसरबीडकडे जाणाऱ्या दोन मोटारी सोडल्या आणि सरकी न घेता घरी आला. गावात बाया विचारतात, सून कधी येणार, सुभद्राबाई म्हणते, येईल, आणि त्यांच्याकडे न पाहता पुढे जाते. संक्रांतीलाही आली नाही तर त्या विचारायच्या थांबतील. तेव्हा काय समजायचं ते मला ठाऊक आहे. कळावे, लोभ आहे तो तुटू देऊ नये.

आपला,
नारायणराव

ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण एक राहिलं. नवमीच्या संध्याकाळी, म्हणजे पूजेच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना मी एकटाच खळ्यात जाऊन चकतीतून भिंतीकडे पाहिलं होतं. भोक स्वच्छ होतं. कुंकू अजून करंड्यातच होतं. तरी मला भिंत दिसली नाही. विहिरीत वाकून पाहावं तसं काळं. चकतीवरून नुसत्या डोळ्याने पाहिलं तर धूर. माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा आलेला आहे, श्रावणापासूनच मला ते ठाऊक होतं. दुपारचं ऊन त्या बारीक भोकातूनही आत येतं म्हणून दुपारी माझं चालून जात होतं. मावळतीला एवढ्याशा भोकातून काय येणार? कुंकू नसतं तरी बोळकं फुटणार नव्हतं. हे मला बंदूक पाटावर ठेवली तेव्हाही ठाऊक होतं.

कोणाला सांगितलं नाही, कारण माझा बाप शेवटची अकरा वर्षं असाच ओसरीवर बसून होता. लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलत, तो तिथे नाही असं धरून. मीही बोललो आहे. म्हणून वामन जेव्हा म्हणाला की भोक बुजलं हाय, तेव्हा मला काय वाटलं ते लिहितो. मला आनंद झाला. मान गेला होता, गाव हसत होतं, आणि मला आनंद झाला. त्या आनंदात मी घरी आलो आणि ताट काढून घेतलं तेव्हा उंबऱ्यावर उभा राहिलो. रुख्मिणीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मध्ये कालवड नव्हती. मी एक शब्द बोललो असतो तर पुरला असता. तीन महिने झाले, तो तोंडातच आहे.

आणखी एक. वरचं ता. क. रुख्मिणीला वाचून दाखवावं. पत्राचा बाकीचा भाग वाचायची गरज नाही, त्यात बंदुकीचंच आहे.

आणखी. पाकीट चिकटवण्याआधी पत्र सुभद्राबाईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढे होती. बराच वेळ भाकरीच थापत राहिली. मग म्हणाली, “मंग माह्या हातून त्या लेकराले काऊन रडवलं?” भाकर करपली. नंतर तिने विचारलं, “दुसऱ्या डोयानं तरी दिसते का?” मी खरं सांगितलं. जवळचं दिसतं, हे लिहितो ते दिसतं. माणूस ओसरीभर लांब असला की कोण आहे ते कळत नाही. त्यावर ती उठली आणि करंडा पुसायला बसली.

तर आम्ही न्यायला येत नाही, आपण नको लिहिलंत ते कबूल आहे. पण मंगळवारच्या मोटारीने सुभद्राबाई आणि मी येतो. ती करंडा घेऊन रुख्मिणीपुढे बसेल आणि स्वतःचं कपाळ पुढे करेल. तिला माफी मागता येत नाही, जन्मात मागितलेली नाही, तिला एवढंच येतं. रुख्मिणीने कुंकू लावलं तर लावलं, न लावलं तर आम्ही चहा न घेता परत फिरू आणि आपल्याला दोष देणार नाही. मात्र तेवढा वेळ त्या दोघींजवळ कोणी थांबू नये. आपण आणि विहीणबाई बाहेर येऊन बसावं. मी बाहेरच असेन. मी आपल्याकडे पाहून बोललो नाही तर राग मानू नका. आपणच आधी रामराम म्हणा, म्हणजे हात कोणीकडे जोडायचे ते मला कळेल.